चुन्यातली पावलं

मैनाबाईंशी माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागलो की कुणाला वाटायचं, हा माणूस जन्माचा गुणग्राहक. तसं काही नव्हतं. मी चोवीस वर्षांचा ट्रेसर होतो, म्हणजे साहेबांचे नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवणारा. नागपूरला ड्रॉइंगचा कोर्स करून भिलाईला आलो होतो, आणि काळ्या शाईची एक रेघ हात न थरथरता ओढता येते एवढ्या भांडवलावर जगाला तुच्छ लेखत होतो.

साल अठ्ठावन्न. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी अजून पेटायची होती. जिकडे बघावं तिकडे खोदकाम, लाल धूळ आणि परांच्या. सेक्टर २ ची क्वार्टर्स हळूहळू उभी राहत होती. सिविक सेंटर फक्त कागदावर होतं, आणि त्या कागदावरच्या निम्म्या रेघा माझ्या होत्या. आमचं ऑफिस म्हणजे एक पत्र्याची शेड. टाउनशिपला लागणारी कुठलीही वस्तू, दार असो की खिडकीची जाळी, शेकड्यांनी करण्याआधी तिचा एक नमुना तिथे करून बघायचा, म्हणून तिला सगळे नमुना शेड म्हणत. शेडचे साहेब कलकत्त्याचे, परदेशात डिझाइन शिकून आलेले. त्यांना मराठी येत नव्हती, मजुरांना इंग्रजी येत नव्हती, आणि हिंदी दोघांचीही आपापल्या परीने मोडकी होती. मधला दुभाषा मी.

त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीच्या कामावर शेवंता नावाची रेजा पडली. रेजा म्हणजे बांधकामावर डोक्यावरून ओझं वाहणारी बाई. मसाल्याचं घमेलं घेऊन ती चढाव चढत होती, पाय घसरला आणि दहा फुटांवरून खाली आली. मांडीचं हाड मोडलं. चढाव म्हणजे दोन फळ्या शेजारी-शेजारी टाकून केलेली तिरपी वाट. पाय सरकू नये म्हणून तिच्यावर आडव्या लाकडी पट्ट्या ठोकतात. दोन पट्ट्यांत किती अंतर ठेवायचं, एवढीच ही सगळी गोष्ट आहे. पण त्या अंतराने एका बाईचं काय काय घेतलं ते सांगायला मला इतकी वर्षं लागली.

साहेबांना चौकशीला पाठवलं. त्यांनी टेप लावला. पट्ट्या अठरा इंचांवर होत्या, आणि त्यांच्या पुस्तकातही अठराच लिहिलेलं होतं. म्हणजे चढाव बरोबर, बाई चुकली. मग साहेबांनी रीतीप्रमाणे बाकीच्या बायकांना विचारायला सांगितलं, या चढावावर काही त्रास होतो का. मी विचारलं. सगळ्या पदर दातात धरून म्हणाल्या, काही नाही साहेब, सगळं बरं आहे. हजेरीपटावरचं नाव कोण घालवून बसणार? मी आनंदाने लिहून घेतलं, त्रास नाही.

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "पुस्तकातली बाई किती उंच हाय?"

मी खेकसलो तो यावर. म्हटलं, मधे मधे बोलू नका. पण साहेबांनी बाही धरून विचारलं, ती काय म्हणाली ते सांग. मी सांगितलं. साहेबांनी पुस्तक उघडलं, आकृती बघितली, दोन पानं पुढे बघितलं, दोन मागे. आकृतीत बूट घातलेला एक उंच माणूस हातात बादली घेऊन चढत होता. पुस्तकात बाई नव्हतीच. साहेब बराच वेळ त्या बूटवाल्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी त्या बाईचं नाव विचारलं.

मैनाबाई. भंडाऱ्याकडच्या. वय पस्तिशीच्या आसपास, अंगाने काटक, उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी. छप्पन साली नवऱ्याबरोबर नागपूरला दीक्षा घेऊन आलेल्या आणि सत्तावन्नला कामासाठी भिलाईला. नवरा रामाजी रेल्वेच्या गँगमध्ये रोजंदारीवर होता. लेबर कॅम्पात दोघांची झोपडी होती. झोपडीत वस्तू अशी एकच, बाबासाहेबांचा फोटो, आणि तोही, कुडाच्या भिंतीत खिळा धरत नाही म्हणून, पेटीवर टेकवून ठेवलेला. पावसाळ्यात फोटोला वाळवी लागू नये म्हणून त्या त्याला लुगड्यात गुंडाळून ठेवत.

साहेबांनी त्यांना शेडवर बोलावलं आणि विचारलं, पट्ट्या किती अंतरावर पाहिजेत? मैनाबाई ताडकन म्हणाल्या, एका वितीवर. साहेब म्हणाले, कशावरून? त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. मग साहेबांनी जे सांगितलं ते मी त्या दिवशी नुसतं भाषांतर म्हणून तोंडातून काढलं, त्यातलं मला स्वतःला काही कळलं नव्हतं. ते म्हणाले, सुचणं वेगळं आणि शोधणं वेगळं. चांगली वस्तू तर हुशार सुतारही करतो. पण ती तशीच का, हे कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळे दुसऱ्या गावचा सुतार पुन्हा पहिल्यापासून चुकतो. शोध तेव्हाच म्हणायचा, जेव्हा प्रश्न आधी मांडलेला असतो, काय पाहिलं ते लिहून ठेवलेलं असतं, आणि तुमच्यावर भरवसा नसलेल्या माणसालाही ते पाहून मान डोलवावी लागते.

मैनाबाईंनी शेवटचं वाक्य मला पुन्हा सांगायला लावलं. मग हसून म्हणाल्या, "भरवसा नसलेले? मले तं जल्मभर तेच लोक भेटले, भाऊ. हे काम मले जमन."

साहेबांनी त्यांना महिनाभरासाठी शेडवर घेतलं. वर लिहिलंही, की काम पटलं तर या बाईला शेडवर कायम हेल्पर करावं. कायम म्हणजे महिन्याचा पगार, आणि शेडच्या वाट्याला आलेलं सेक्टर २ मधलं एक क्वार्टर. दोन खोल्या, स्वतःचा नळ, आणि विटांच्या भिंती. मी मैनाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पगार किती हे विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, की भिंतीत खिळा ठोकू देतात का.

आता पावलं मोजायची कशी? टेप घेऊन मागे मागे फिरलं की बायका लाजून उभ्याच राहत. ती युक्ती मैनाबाईंची. चढावावर नव्या कोऱ्या, पट्ट्या न ठोकलेल्या फळ्या टाकल्या, पायथ्याशी परातीत पातळ चुना ठेवला आणि बायकांना सांगितलं, त्यात पाय बुडवा आणि घमेलं घेऊन चढा, तुमच्या पावलांवरून साहेब चढाव बनवणार आहेत. चाळीस बायका चढल्या. मैनाबाई स्वतः चढल्या. फळीवर पांढरी पावलं उमटली, अशी स्वच्छ की बोटं मोजून घ्यावीत. मी कापडी ट्रेसिंगवर ती एकूण एक उतरवून घेतली. अंतर जवळपास सगळ्यांचं सारखं आलं, एक वीत, म्हणजे माझ्या पट्टीवर नऊ इंच. मैनाबाई म्हणाल्या होत्या तेच. साहेब खूष, त्या खूष, आणि माझं तर विचारूच नका. आयुष्यात तेवढं सुंदर ट्रेसिंग मी पुन्हा केलं नाही. दोन दिवस मी ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होतो.

टाकीवर नऊ इंचांच्या पट्ट्यांचा नवा चढाव लागला. साहेबांनी समोर उभं राहून बायका चढताना पाहिल्या, एकही घसरली नाही. अहवाल टाइप झाला. त्यात मैनाबाईंचं नाव होतं. वरून तोंडी होकार आला, नेमणुकीची चिठ्ठी दोन आठवड्यांत येणार होती. क्वार्टरची किल्ली शेडवरच होती, म्हणून एका रविवारी मी मैनाबाईंना आणि रामाजींना ते दाखवायला घेऊन गेलो. मैनाबाईंनी नळ सोडून पाहिला, बंद केला, पुन्हा सोडून पाहिला. मग पुढच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर, येणाऱ्याची नजर पहिली जिथे जाईल तिथे, त्यांनी एक खिळा ठोकला. खिळा त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. हातोडी नव्हती, विटेच्या तुकड्याने ठोकला. रामाजी म्हणाले, अगं चिठ्ठी येऊ दे. त्या म्हणाल्या, खिळ्याला चिठ्ठी कशाला लागते?

त्यानंतर चौथ्या दिवशी मैनाबाई सकाळी शेडवर आल्या त्या सरळ माझ्याकडेच. माझ्या टेबलावर गुंडाळून ठेवलेलं ट्रेसिंग त्यांनी उलगडायला लावलं आणि पावलांवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, काय झालं? त्या म्हणाल्या, टाकीवर चला. गेलो. त्यांनी मला चढावाकडे नाही, सावलीत बसून भाकरी खाणाऱ्या बायकांकडे नेलं आणि पायांकडे बोट दाखवलं. बारा-तेरा जणींच्या अंगठ्याला चिंध्या बांधलेल्या होत्या. कुणाचं नख निघालेलं, कुणाचं काळंनिळं. नव्या चढावावर ठेचा लागत होत्या. डोक्यावर घमेलं असलं की खाली बघता येत नाही. पाय आपल्या चालीने पडतो आणि नेमका पट्टीच्या कडेवर जाऊन आदळतो. साहेब समोर उभे असले की बायका जपून, मोजून पाय टाकत, साहेब गेले की आपल्या चालीने चालत. साहेबांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आपल्याच मैनाबाईचा चढाव, नावं कशी ठेवणार?

पण मग पावलं नऊ इंचांवर उमटली कशी? मी चिडलोच. म्हटलं, मी स्वतः उतरवून घेतली आहेत, केसाचाही फरक नाही. मैनाबाई तिथेच धुळीत बसल्या आणि मला समजावून सांगायला लागल्या, शांतपणे, जसं एखाद्या हट्टी पोराला सांगावं.

पांढऱ्या पावलांची गोष्ट कुठल्याही बाईला कुणी शिकवावी लागत नाही. आमच्याकडे महालक्ष्म्या येतात तेव्हा उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं काढतात. छत्तीसगडी बायका अगहनच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या, गुरुवारी तांदळाच्या पिठाने काढतात. ती पावलं लहान, जवळजवळ, एकासमोर एक, एकसारखी. लक्ष्मी काही ढांगा टाकत येत नाही. आता या बायकांना सांगितलं, चुन्यात पाय बुडवा, तुमची पावलं उमटणार आहेत, साहेब ती कागदावर घेणार आहेत. त्यांनी कशी उमटवली असतील? चाळीसही जणी फळीवरून लक्ष्मी होऊन चालत गेल्या होत्या.

"आनि मी बी," मैनाबाई म्हणाल्या. "दोन वर्सं झाले, आमी तं ते सारं सोडून देल्लं. देव्हारा बी उचलून टाकला. पन पायाले कोन सांगन? लहानपनी पाह्यलेलं पायात राहून गेलं. मलेच नाई समजलं का मी तशी चालून राहिली."

मी बाजूला जाऊन विडी पेटवली. माझं सुंदर ट्रेसिंग म्हणजे चाळीस बायकांनी काढलेली रांगोळी होती. खरं सांगतो, मला आधी वाईट वाटलं ते ट्रेसिंगचं. अंगठ्यांचं नंतर. आणि क्वार्टर आठवलं ते त्याच्याही नंतर. पण आठवल्यावर मात्र मी धावतच परत आलो. अहवाल साहेबांच्या टेबलावर सही होऊन पडला होता, चिठ्ठी आठ दिवसांत येणार होती. मी हळू आवाजात म्हटलं, मैनाबाई, आठ दिवस थांबा. चिठ्ठी हातात पडू द्या, क्वार्टरमध्ये जाऊन राहा, मग सांगा. तेव्हा कोण तुम्हाला बाहेर काढतंय?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शेडवरच्या तराजूकडे बघत असत तसं, काटा नीट उभा आहे ना, अशा नजरेने.

"आठ दिवसात किती अंगठे, भाऊ?"

मी विडी विझवली आणि त्यांच्यामागून शेडकडे चालू लागलो.

साहेबांसमोर मैनाबाई उभ्या राहिल्या आणि मी भाषांतर केलं. ते माप खोटं आहे, पट्ट्या आजच काढा, मी पुन्हा मोजीन. साहेबांचा चेहरा उतरला. अहवाल त्यांच्याही नावाचा होता. ते म्हणाले, बाईला म्हणावं, तू आधी विचार करून बोलायला हवं होतं. ते शिकलेले होते, पण माणूसच ना. दोन दिवस ते शेडवर कुणाशी बोलले नाहीत. पट्ट्या मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी काढायला लावल्या आणि चढाव बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी ते स्वतः एक स्टूल घेऊन मैनाबाईंच्या समोर बसले आणि मला म्हणाले, हिला विचार, माणसाला कळू न देता त्याचं पाऊल कसं बघायचं?

ते मैनाबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं. चुना कालवण्याच्या कामावर सुखराम नावाचा धमतरीकडचा एक भला माणूस होता. चढाव पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यावर पट्ट्या नव्हत्या, नुसती खडबडीत रेती चिकटवलेली होती, म्हणजे पाय घसरणार नाही आणि अडणारही नाही. सकाळी ऐन घाईच्या वेळी सुखरामची चुन्याची बादली चढावाच्या पायथ्याशी कलंडली. जन्मात कुणाची शिवी न खाल्लेल्या त्या माणसाने त्या दिवशी मुकादमाच्या शिव्या मुकाट्याने खाल्ल्या. बायका नाक मुरडत त्याच चिखलातून घमेली घेऊन चढत राहिल्या. दुपारी जेवणाच्या सुटीत आम्ही फळ्या बदलल्या. जेवणानंतर सुखराम पुन्हा वेंधळा झाला. असं चार दिवस.

ही पावलं दिसायला भिकार होती. फाटलेली, घसटलेली, एकावर एक पडलेली, टाच कुठे आणि बोटं कुठे. ट्रेसिंग करताना माझा जीव मेटाकुटीला आला. सकाळची लांब, दुपारनंतरची आखूड. ओझं घेऊन चढतानाची वेगळी, रिकाम्या घमेल्याने उतरतानाची वेगळी. डाव्या पायाचं पाऊल उजव्याहून थोडं बाहेर, कारण उजवा हात वर घमेल्याला. मैनाबाईंनी सुतळीला गाठी मारून प्रत्येक बाईचं वेगळं माप ठेवलं होतं. ती सुतळी आणि माझी पट्टी रोज संध्याकाळी समोरासमोर ठेवली जाई, आणि दोन्ही जुळल्याशिवाय त्या कॅम्पावर जात नसत. शेवटी माप आलं ते वीत आणि चार बोटं. पट्टीवर बारा इंच. पुस्तकातलं अठरा नाही आणि त्यांच्या मनातली वीतही नाही. स्वतःचंच म्हणणं खोटं ठरलं म्हणून एखाद्या माणसाला इतका आनंद झालेला मी दुसरा पाहिला नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी सगळ्या बायकांना बसवून खरं काय ते सांगितलं. बायकांनी त्यांना यथेच्छ झापलं. आमचे पाय चोरून पाहिले म्हणून शेवंताची बहीण तर तासभर पाठ फिरवून बसली. मैनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ज्या बाईला नको असेल तिची पावलं मी पुसून टाकते. एकीनेही पुसायला सांगितलं नाही.

नवा अहवाल लिहिताना मी जुनं ट्रेसिंग बाजूला काढून गुंडाळत होतो. मैनाबाईंनी ते हातातून घेतलं आणि साहेबांसमोर ठेवलं. म्हणाल्या, हेही लावा. मी म्हटलं, अहो, ते चुकलेलं आहे, आपली फजिती आपणच कशाला पाठवायची? त्यावर त्या जे बोलल्या त्याचं भाषांतर करताना साहेबांनी मला थांबवलं आणि वहीत शब्दन् शब्द लिहून घेतलं.

"उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या कोनाले बी हेच सुचन, चुना आनि परात. त्याले कसं समजन का ही वाट पुढं बंद हाय? अंगठे तं त्याच्या बी गावात असतीन ना."

साहेब मला म्हणाले, देवीदास, परदेशात दोन वर्षं मी जे शिकायला गेलो होतो, ते आत्ता झालं. दोन्ही ट्रेसिंगं लागली. पहिलं सुंदर आणि खोटं, दुसरं कुरूप आणि खरं. अहवाल वर गेला.

वरून उत्तर यायला महिना लागला. बारा इंच मान्य. पण महिन्याभरात ज्या कामाचं माप बदलावं लागतं त्या कामासाठी कायम माणूस घेण्याचं कारण दिसत नाही, सबब हेल्परचं पद मंजूर नाही. साहेबांनी भांडून पाहिलं, दोनदा लिहिलं, काही झालं नाही. मैनाबाई पुन्हा टाकीवर रेजा म्हणून गेल्या. जाताना शेडमध्ये सगळ्यांना सांगून गेल्या, कुणाच्या तोंडाकडे बघून वाटू नये की अन्याय झाला, इतक्या सहज. मला वाटला. मी मात्र रेघा ओढत राहिलो.

आणि क्वार्टर? ते शेडच्या वाट्याचं होतं, आणि शेडमधला क्वार्टर नसलेला कायम माणूस मी. एकसष्टमध्ये माझं लग्न ठरलं आणि ते मला मिळालं. कांताला घेऊन आत शिरलो तेव्हा पहिली नजर गेली ती त्या खिळ्यावर. कांताने विचारलं, हा कुणी ठोकला? मी म्हटलं, आधीचाच आहे. मग त्यावर कॅलेंडर टांगलं. दुसरं काही टांगायची माझी छाती झाली नाही, आणि खिळा काढायचीही नाही.

चौसष्टमध्ये सिविक सेंटरच्या एका इमारतीचं काम चालू होतं. मी तेव्हा ड्राफ्ट्समन झालो होतो. नकाशा घेऊन गेलो तर दयाराम नावाचा सुतार चढावाला पट्ट्या ठोकत होता. हाताची वीत पसरायचा, चार बोटं ठेवायचा, ठोकायचा. मी विचारलं, एवढंच अंतर का? तो म्हणाला, एवढंच असतं. मी विचारलं, कुणी सांगितलं? तो माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. म्हणाला, अहो, चढाव म्हटला की वीत अन् चार बोटं, सगळीकडे असंच असतं.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीचं बारसं होतं. मी मुद्दाम कॅम्पावर जाऊन मैनाबाईंना बोलावणं केलं. खरं तर तीन वर्षांत मी त्यांना त्या घरी कधी बोलावलं नव्हतं. लाज वाटत होती, एवढंच कारण. त्या आल्या, नवं लुगडं नेसून, मुलीसाठी स्वतः शिवलेली दुपटी घेऊन. दारातून आत आल्या आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडर पाहिलं. मी खाली बघत उभा राहिलो. त्यांनी जाऊन खिळा बोटाने हलवून पाहिला, हलला नाही, तेव्हा समाधानाने बसल्या.

बायका गेल्यावर मी त्यांना दयारामची हकीकत सांगितली. मला वाटलं, ऐकून त्या सुखावतील. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"बायाचे अंगठे पाह्यले का?"

नव्हते पाहिले. पट्ट्या पाहिल्या, सुताराचा हात पाहिला, भाषण ठोकायला घरी आलो. सहा वर्षांत मी इतकंच शिकलो होतो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सिविक सेंटरला गेलो आणि जेवणाच्या सुटीपर्यंत तिथेच उभा राहिलो. एकतीस बायका होत्या. त्यातल्या निम्म्या नव्या, मैनाबाईंचं नावही न ऐकलेल्या. मी बासष्ट अंगठे पाहिले. एकालाही चिंधी नव्हती.

संध्याकाळी कॅम्पावर गेलो. मैनाबाई झोपडीसमोर चूल पेटवत होत्या. रामाजी नुकतेच कायम झाले होते, रेल्वेची खोली मिळायला अजून दोन वर्षं होती. आत पेटीवर फोटो होता, तसाच टेकवलेला. मी बासष्टचा आकडा सांगितला.

त्यांनी फुंकणी बाजूला ठेवली. "तुमी पाहून राहिले, हे त्यायले समजलं होतं का?"

"नाई," मी म्हटलं. "नकाशा धरून उभा होतो. उलटा."

मैनाबाई हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. धुराचं निमित्त त्यांनी केलं नाही. पदराने डोळे पुसले आणि चुलीत लाकूड सारत म्हणाल्या, "मंग क्वार्टर वाया नाई गेलं."